हसतंय कोण, कोणाला? ‘एमा’ कादंबरीचा सिनेमा होताना

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण एक प्रश्न विचारतात. एकदा गृहीतक मनात बसलं की सगळा डेटा त्याच्याच बाजूने बोलतोय असं वाटायला लागतं. मग आपण बरोबर आहोत की स्वतःलाच फसवतोय, हे ओळखायचं कसं? संशोधन पद्धतीच्या पुस्तकांत याला ‘कन्फर्मेशन बायस’ म्हणतात आणि अर्ध्या पानात व्याख्या देऊन पुढे जातात. व्याख्या पाठ होते, पण चूक होताना आतून कशी दिसते ते कळत नाही.

ते कळायला हवं असेल तर जेन ऑस्टिनची ‘एमा’ वाचा. डिसेंबर १८१५ मध्ये आलेली ही प्रेमकथा आहे, आणि माझ्या मते चुकीच्या गृहीतकाची इतकी नेमकी केस स्टडी दुसरी नाही. तिच्यावर २०२० साली ऑटम डी वाइल्ड या दिग्दर्शिकेने त्याच काळातला, त्याच वेशभूषेतला विनोदी सिनेमा केला. पटकथा एलेनॉर कॅटन या कादंबरीकर्तीची. सिनेमाच्या नावापुढे मुद्दाम पूर्णविराम दिलाय. इंग्रजीत पूर्णविरामाला आणि जुन्या काळाला एकच शब्द आहे, त्यावरचा हा खेळ.

मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, मग सिनेमावर का लिहितेय? कारण ‘पुस्तक चांगलं की सिनेमा?’ हा प्रश्न कसा विचारू नये, हे शिकायला हे उदाहरण फार सोयीचं आहे.

नाशिकमध्ये बसून रूपांतराबद्दल बोलायचं तर लांब जायला नको. कुसुमाग्रजांनी ऑस्कर वाइल्डच्या ‘अ‍ॅन आयडियल हजबंड’वरून ‘दूरचे दिवे’ केलं आणि ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’. पुलंनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. आपली ही जुनी वाट: रोप उपटायचं आणि आपल्या मातीत लावायचं. नावं, गाव, बोली, सगळं बदलायचं. ‘एमा’चंही असं झालंय. १९९५च्या ‘क्लूलेस’मध्ये ती अमेरिकेतल्या शाळेत गेली, २०१०च्या ‘आयशा’मध्ये दिल्लीत. डी वाइल्डच्या सिनेमाने मात्र रोप हलवलंच नाही. गाव तेच, काळ तोच, माणसंही तीच. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर बाकीचे घटक बऱ्याच अंशी स्थिर ठेवले आणि एकच मोठी गोष्ट बदलली: माध्यम. त्यामुळे माध्यम बदलल्यावर काय होतं, हे इथे जास्त स्वच्छ दिसतं.

आता गोष्ट. एमा वुडहाउस एकवीस वर्षांची आहे. देखणी, हुशार, पैशाची ददात नाही. लग्न जुळवण्यात आपल्याला गती आहे असा तिचा समज, आणि तो एकाच उदाहरणावर आधारलेला. तिच्या शिक्षिकेचं लग्न झालं आणि ‘ते मीच जुळवलं’ असं तिने ठरवून टाकलं. नमुना एक, निष्कर्ष सार्वत्रिक! मग ती हॅरिएट या अनाथासारख्या वाढलेल्या मुलीला हाताशी धरते, तिला रॉबर्ट मार्टिन या शेतकऱ्याची मागणी नाकारायला लावते आणि धर्मगुरू एल्टनशी तिची जोडी मनातल्या मनात पक्की करते.

यानंतर पुरावे येत राहतात. एमा हॅरिएटचं चित्र काढते, एल्टन त्याचं तोंड भरून कौतुक करतो. ते चौकटीत बसवायला स्वतः लंडनला नेतो. एमाच्या लेखी याचा अर्थ एकच, हॅरिएटवर जीव जडलाय. चित्र काढलं कोणी, हा प्रश्न तिच्या मनात येत नाही. तिच्या बहिणीचा नवरा तर स्पष्ट सांगतो, एल्टनचा डोळा तुझ्यावर आहे. एमा मनातल्या मनात हसते आणि सोडून देते. रिव्ह्यूअरची टिप्पणी आली, ‘यांना विषयच कळला नाही’ म्हणून बाजूला ठेवली, असंच ना? शेवटी नाताळच्या आदल्या रात्री बग्गीत एल्टन तिलाच मागणी घालतो.

आता खरी गंमत. पहिल्यांदा वाचताना बऱ्याच वाचकांनाही एमासारखंच वाटत असतं. ऑस्टिन हे कसं साधते? ती निवेदन ‘ती’ असं तृतीय पुरुषात ठेवते, पण विचार एमाचे घालते आणि मध्ये ‘असं तिला वाटलं’ हे लिहीत नाही. मराठीत करून पाहा: ‘मास्तर उठून खिडकीशी आले. आता यात शंका ती काय! रमेसाठीच आले असणार.’ दुसरं आणि तिसरं वाक्य कोणाचं, लेखिकेचं की पात्राचं? वाचताना आपण थांबून विचारत नाही, लेखिकेचं समजून विश्वास ठेवतो. मतं निरीक्षणांच्या वेशात येतात. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली की सगळे पुरावे पहिल्यापासून समोरच होते हे दिसतं आणि थोडी लाज वाटते. इथला विनोद एमावर आहेच, पण वाचकावरही आहे.

सिनेमाला हे जमत नाही. कॅमेऱ्यासमोर जॉश ओ’कॉनरचा एल्टन आला की त्याची नजर कुठे जाते ते आपल्याला दिसतंच. तो ओशाळवाणं हसतो, चौकट दाखवायची लगबग करतो, आणि हा कोणाच्या मागे आहे हे दोन मिनिटांत कळतं. ते फक्त एमाला कळत नाही. म्हणजे आपण एमाच्या शेजारून उठून समोरच्या खुर्चीत गेलो. चूक आता तिची एकटीची, आपण शहाणे प्रेक्षक. अन्या टेलर-जॉयची ताठ मान, पेस्टल रंगांची घरं, वाऱ्याच्या झुळकीला घाबरणारे बिल नायचे वडील आणि त्यांच्याभोवती पडदे हलवणारे मुके नोकर, या सगळ्यावर हसू येतं. पण ते सुरक्षित हसू आहे.

इथेच थांबलं तर समीक्षा सोपी होते: ‘सिनेमा देखणा, पण उथळ.’ मला ते पटत नाही, कारण पुढे बॉक्स हिल येतं.

मिस बेट्स ही गावातली प्रौढ, अविवाहित, गरीब बाई. म्हाताऱ्या आईला सांभाळते आणि अखंड बोलते. आपल्याकडे जुन्या वाड्यातल्या एखाद्या खोलीत अशी आत्या असायची: सगळ्यांच्या कामाला धावणारी आणि सगळ्यांच्या चेष्टेचा विषय. कादंबरीत तिची बडबड पानंच्या पानं चालते. खरं सांगा, तुम्ही ती पानं भरभर उलटली असती की नाही? सिनेमात मिरांडा हार्ट ही विनोदी अभिनेत्री ही भूमिका करते. ती तोंड उघडणार म्हटलं की आपण हसायला तयार असतो. मग सहलीत एक खेळ निघतो: प्रत्येकाने एक चतुर गोष्ट सांगायची किंवा तीन कंटाळवाण्या. मिस बेट्स स्वतःवरच विनोद करते, तीन कंटाळवाण्या तर मला सहज जमतील. त्यावर एमा म्हणते, पण एका वेळी तीनच, हे कसं जमणार?

वाक्य छोटं आहे. पण हार्टचा चेहरा हळूहळू पडत जातो आणि आपल्या लक्षात येतं की इतका वेळ आपणही तेच करत होतो. एमाने फक्त मोठ्याने म्हटलं. नाइटली नंतर तिला सुनावतो, त्याचा मुद्दा शिष्टाचाराचा नाही, परिस्थितीचा आहे. ही बाई गरीब आहे, वय वाढेल तशी आणखी गरीब होईल, आणि तू तिला चारचौघांत हसलीस.

माझं म्हणणं एवढंच. कादंबरी वाचकाला एल्टनच्या प्रकरणात पकडते, सिनेमा प्रेक्षकाला मिस बेट्सच्या प्रकरणात पकडतो. परिणाम तोच, पण जागा बदलली आणि साधन बदललं. वाक्यरचनेचं काम एका चेहऱ्याने केलं. ‘मूळ कृतीशी प्रामाणिक’ असण्याचा मला कळणारा अर्थ हाच आहे.

मात्र दोन ठिकाणी सिनेमा कमी पडतो. पहिलं म्हणजे जेन फेअरफॅक्स. हुशार, गुणी, पण पैसा नाही, त्यामुळे लग्न झालं नाही तर परक्या घरी शिक्षिकेची नोकरी करायची. त्या नोकरीबद्दल ती बोलते तेव्हा बोलण्यात गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख येतो, इतकी ती कडवट आहे. सिनेमात ती बहुतेक पियानोपुरती उरते. एमाचा खेळ बिघडला तर एमाचं काय जाणार? आयुष्य जेनसारखीचं पणाला लागलेलं असतं. ते झाकलं की चुकीची किंमतही झाकली जाते.

दुसरं शेवटाचं. सिनेमात एमा स्वतः मार्टिनकडे जाऊन चूक दुरुस्त करते आणि हॅरिएटच्या व्यापारी वडिलांनाही आपल्या घरी येण्याचं आमंत्रण देते. छान वाटतं. कादंबरी इतकी गोड नाही. तिथे हॅरिएटचं लग्न होतं आणि दोघींची मैत्री हळूहळू विरत जाते, कारण शेतकऱ्याची बायको आणि हार्टफील्डची मालकीण यांच्यातलं अंतर समाजाने आधीच आखून ठेवलंय. ऑस्टिनने ते अंतर न मिटवता तसंच ठेवलं. सिनेमाने आजच्या प्रेक्षकासाठी त्यावर रंग मारला.

तुम्हाला साहित्यात संशोधन करायचं नसेल तरी हा व्यायाम करून बघा. एक प्रसंग निवडा, तो पुस्तकात आणि पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा, आणि ‘काय गाळलं’ याची यादी करण्याआधी विचारा: इथे माहिती कोणाकडे आहे? पात्राकडे, आपल्याकडे, की दोघांकडे? ‘तुलनात्मक अभ्यास’ या नावाच्या ढोबळ विषयातून असा एक धरता येणारा प्रश्न निघाला की सिनॉप्सिसला आकार येतो.

आणि प्रयोगशाळेत असाल तर बग्गीतला प्रसंग लक्षात ठेवा. स्पेक्ट्रममध्ये हवा असलेला पीक दिसला की आनंद होतोच. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की हा पीक दुसऱ्या कशाचा असू शकतो? एमाला कोणीच पुरावा कमी दिला नव्हता. चित्र, चौकट, एल्टनचं कौतुक, सगळं तिच्या हातात होतं. तिने दुसरी शक्यता लिहूनच काढली नव्हती.