दगडावर फोटो आला, खोली गेली

कोल्हापूरजवळच्या बीड गावातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मृतिदगड, तळापासून वर वाचायचे असतात. खाली लढाई आणि पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याशी चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नाही, तरी गोष्ट कळते. पाथरवटानं आकृत्या दगडातून उठवल्या आहेत. तिरपं ऊन पडलं की त्या सावल्यांसकट स्पष्ट होतात.

आज कोल्हापूर जिल्ह्यातल्या हातकणंगले तालुक्यातलं गाव असो की राज्यातलं दुसरं कुठलं, स्मृतिस्तंभ म्हटला की पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट, कोरलड्रॉमध्ये बसवलेला मजकूर आणि लेझरनं उमटवलेला फोटो हेच ठरून गेलं आहे. हा लेझर दगड खोल कोरत नाही. तो पॉलिशचा चकाकता थर ठिपक्याठिपक्यानं फोडतो आणि त्या पांढुरक्या ठिपक्यांतून चेहरा दिसतो. पण आपल्याकडे स्मारकाला तेल आणि हळदकुंकू लागणारच. तेल त्या ठिपक्यांत मुरलं की पांढरेपणा काळवंडतो आणि चेहरा पुसट होतो. अक्षरांचीही हेळसांड होते: जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की जोडाक्षरं तुटतात, आणि कुणी तपासलं नाही तर हुतात्म्याचं नाव तसंच दगडावर जातं.

दोष यंत्राचा नाही. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धस्मारक 1982 चं. माया लिन या विद्यार्थिनीचा आराखडा, बंगळूरहून गेलेला काळा ग्रॅनाइट, आणि फोटोवरून केलेल्या स्टेन्सिलमधून वाळूचा मारा करून कोरलेली 57,000 हून अधिक नावं. त्या भिंतीवर चेहरा एकही नाही. नावं वर्णानुक्रमानं न लावता बळी गेल्याच्या तारखेनुसार लावली, त्यामुळे एकत्र पडलेले सैनिक भिंतीवरही शेजारी आले. तंत्र साधंच होतं. विचार मोठा होता.

जुने दगड वाचायलाही यंत्र कामी येतं. बंगळूरच्या मिथिक सोसायटी या संस्थेनं शिलालेख आणि वीरगळांचं त्रिमिती स्कॅनिंग हाती घेतलं आहे. हेब्बाळचा, सुमारे इ.स. 750 चा कित्तय्याचा वीरगळ त्यातलाच. झिजलेलं अक्षर डोळ्याला दिसत नाही, पण स्कॅनवर तिरपा उजेड हवा तसा फिरवून ते वाचता येतं. पंचगंगेच्या खोऱ्यात देवळांच्या पारांशी टेकवून ठेवलेल्या, तैलरंग फासलेल्या वीरगळांना याची फार गरज आहे.

आणि यंत्रं तर दारातच आहेत! शिरोली एमआयडीसी हातकणंगले तालुक्यातच. फाउंड्रीच्या पॅटर्नसाठी, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यासाठी, तिथं त्रिमिती आराखडा आणि संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र हे रोजचंच काम. तोच आराखडा हिऱ्याच्या टूलनं, पाण्याच्या धारेखाली बेसाल्टमध्ये उतरवता येतो. ओबडकाम यंत्राकडे द्यावं, शेवटचा हात मात्र टाकी धरणाऱ्यानंच फिरवावा, कारण कुठली कड जरा मऊ करायची हे त्याच्या बोटांना कळतं. पॅटर्नवाला आणि पाथरवट यांना एका टेबलाशी बसवणारा शिल्पकार तेवढा हवा आहे.

ग्रामपंचायतींनी आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी पुढच्या स्मारकाची ऑर्डर देताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: दगड कोणता, कोरीव काम किती मिलिमीटर खोल, आणि हुतात्म्याच्या घरच्यांनी वाचून सही केलेला, मजकुराचा मूळ मापाचा कागद.