मैत्रीचा उन्हाळा

सुखान्त कादंबरीविषयी आम्हा मराठी वाचकांच्या मनात एक अढी असते. डोळे ओले झाले म्हणजे कादंबरी थोर, आणि ओठांवर हसू आले म्हणजे ती दुपारच्या वामकुक्षीची सोय, असा आमचा सरळ हिशेब! अमेरिकन लेखिका एमिली हेन्री यांची २०२१ साली प्रसिद्ध झालेली ‘पीपल वी मीट ऑन व्हेकेशन’ ही कादंबरी मी याच अढीने हाती घेतली, हे प्रथमच कबूल करतो.

पॉपी आणि ॲलेक्स हे ओहायो राज्यातील लिनफील्ड या एकाच गावचे. परंतु ओळख होते ती शिकागोच्या विद्यापीठात. ती बडबडी आणि भटकी, तो अबोल आणि घरकोंबडा. पुढे ती न्यूयॉर्कला प्रवासविषयक मासिकात नोकरी धरते, तो गावाकडच्या शाळेत मास्तर होतो. तरीही दर उन्हाळ्यात एक आठवडा दोघांनी मिळून सहलीला जायचे, हा नेम वर्षानुवर्षे चालतो. मग क्रोएशियात काही तरी घडते, आणि दोन वर्षे अबोला! तो मोडावा म्हणून पॉपी कॅलिफोर्नियातील पाम स्प्रिंग्ज येथे आणखी एक सहल ठरवते. तेथे रणरणते ऊन, खोली गार करणारे यंत्र बिघडलेले, आणि त्यात ॲलेक्सची पाठ धरते. चांदण्यापेक्षा अशा अडचणींतच माणसे एकमेकांना कळतात, हे लेखिकेने नेमके हेरले आहे.

कथा आजचा उन्हाळा आणि मागचे उन्हाळे अशी आलटून पालटून चालते. क्रोएशियाचे गूढ उकलते तेव्हा हाती येते ते एक चुंबन. डोंगर पोखरून उंदीर, असे मला क्षणभर वाटले. पण मग ध्यानात आले, की परक्यांत जे क्षुल्लक, ते मित्रांत सारे पणाला लावणारे असते. प्रेम फसले तर प्रेयसी जाते. येथे जिवाभावाचा सोबतीही जाणार. धाकट्या भावाच्या जन्मावेळी ज्याची आई गेली, त्या ॲलेक्सला गमावण्याची धास्ती का वाटते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

दोषही आहेत. विनोदी संवाद कधी कधी उगाच लांबतात. शाळेत पॉपीला छळणारा मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या आगगाडीत अचानक भेटतो आणि क्षमा मागतो. हा योगायोग फारच सोयीचा. मी मास्तर आहे. वर्गात हिणवले गेलेले मूल ते किती वर्षे विसरत नाही, हे मी जाणतो. आणि हिणवणाऱ्याला बहुधा काही आठवतही नसते. शृंगारही थोडा उघडा आहे. तेव्हा दिवाळीत घरच्या मंडळींत मोठ्याने वाचण्याचे हे पुस्तक नव्हे.

तरीही माझी अढी सुटली. येथला आनंद आयता पडलेला नाही. दोघांनाही आपापले भय ओलांडून, आधी बोलण्याचा कमीपणा सोसून तो मिळवावा लागतो. पुस्तक मिटले, आणि तीन वर्षे ज्याच्याशी अबोला होता त्या एका जुन्या स्नेह्याला मी पत्र टाकले. उत्तर अद्याप आलेले नाही. पण टपालाच्या वेळी मी दारात उभा असतो.