बियांतून आलेला डेलिया

कंदापासून लावलेल्या डेलियाला काय फूल येणार, हे लावतानाच ठाऊक असतं. ज्या झाडाचा कंद, त्याचंच ते फूल. बियांपासून लावलेला डेलिया मात्र कुणाचीच नक्कल करत नाही. एकाच बोंडातल्या दोन बिया शेजारी शेजारी पेराव्यात, तर एकीला किरमिजी दुहेरी फूल येतं आणि दुसरीला शेंदरी एकेरी. दोन्ही रंग-आकार जगात नेमके तसे पूर्वी नव्हते. माझ्या लेखी डेलियाचा खरा रस इथेच आहे.

याचं कारण त्याच्या पेशीत आहे. आपल्याकडे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, बागेतल्या डेलियाकडे आठ. एकूण गुणसूत्रं ६४. लंडनजवळच्या जॉन इनस संस्थेत डब्ल्यू. जे. सी. लॉरेन्स यांनी १९३०च्या आसपास दाखवून दिलं की, डेलियाच्या रानजातींचे रंगानुसार दोन गट पडतात. एक हस्तिदंती ते किरमिजी, दुसरा पिवळा, नारिंगी, शेंदरी. बागेतल्या डेलियात हे दोन्ही गट एकत्र नांदतात. म्हणून निळा सोडला तर त्याला जवळजवळ कोणताच रंग परका नाही.

पुण्याच्या हवेत पाऊस ओसरला की बी पेरावं. बी काळपट, चपटं, लांबुळकं. कोकोपीट आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात अर्धा सेंटिमीटर खोल टाकलं की आठवड्याभरात वर येतं. रोपाचं वाचन तिथूनच सुरू होतं. दोन साध्या बीजपत्रांनंतर कातरलेल्या कडांची खरी पानं येतात आणि देठाचा रंग बोलू लागतो. जांभळट, काळपट देठाचं रोप बहुधा गडद फुलाचं असतं. फिकट हिरव्या देठाला पांढरं किंवा पिवळं फूल येण्याची शक्यता जास्त. हा अंदाज दर वेळी बरोबर येतोच असं नाही, पण त्या अंदाजात रोप रोज निरखून पाहायची सवय लागते. तीन-चार पानजोड्या झाल्या की शेंडा खुडावा, म्हणजे रोप बाजूने फुटतं. फुलणं थोडं लांबतं, ते लांबू द्यावं.

कळी चपटी आणि गोल असते. बाहेरची हिरवी, मांसल छदं मागे वळलेली, आतली पातळ आणि चकचकीत, कळीला चिकटून. पाकळी म्हणून आपण जी तोडतो ती स्वतःच एक फूल असते. नीट पाहिलं तर तिच्यावर उभ्या नाजूक शिरा दिसतात. तिची पाठ पुष्कळदा पोटापेक्षा गडद असते, आणि काही रोपांत तळाशी वेगळ्या रंगाची एक बारीक कडी असते. खरी गंमत मधल्या पिवळ्या चकतीत. तिथली सूक्ष्म फुलं एकदम उघडत नाहीत. कडेची आधी, मग वर्तुळ आत आत सरकत जातं. प्रत्येक फुलातली कुक्षी परागकोशांच्या नळीतून वर येताना पराग बाहेर ढकलते आणि मग तिची दोन टोकं फाकतात. डेलिया सहसा स्वतःच्या परागाने फळत नाही, त्यामुळे दुसऱ्या झाडावरून मधमाशी यावीच लागते. आणि ती येते उघड्या चकतीच्या फुलावर. गच्च दुहेरी फुलात तिला वाट सापडत नाही. बियांच्या वाफ्यात एकेरी आणि अर्धदुहेरी फुलांची गर्दी होते ती यामुळे.

पुष्कळांना ही गर्दी निराशाजनक वाटते. जानेवारीत पुण्याच्या एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात जी भव्य दुहेरी फुलं दिसतात, ती नजरेसमोर असतात ना. बाजूच्या कळ्या खुडून एकाच कळीवर सगळं बळ लावायचं कसब मोठंच आहे. पण मला चकती दिसणारा डेलिया अधिक पुरा वाटतो, कारण त्यात फूल आपलं काम करताना दिसतं. मेक्सिको सिटीच्या वनस्पती उद्यानातून व्हिसेन्ते सेर्वान्तेस यांनी १७८९ साली माद्रिदला पाठवलेल्या बियांतून जी फुलं आली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिलेस यांनी १७९१ साली ज्यांना 'डाहलिया' हे शास्त्रीय नाव दिलं, त्यांतलं पहिलं नोंदवलेलं फूलही अर्धदुहेरीच होतं. १९२४ साली कार्डिफच्या फ्रेड ट्रेसेडर यांनी आणलेला 'बिशप ऑफ लँडॅफ' पाहा: जवळजवळ काळी पानं, त्यावर लाल अर्धदुहेरी फूल. त्याच्याच वंशाचं 'बिशप्स चिल्ड्रन' नावाचं बी मिळतं. पानांचा काळेपणा बव्हंशी टिकतो, रंग मात्र लाल, नारिंगी, पिवळा, गुलाबी असे कितीतरी. गडद पानांवर पिवळं फूल मला यातलं सर्वांत देखणं वाटतं.

पहिल्या फुलावरून रोपाचा निकाल देऊ नये. रोप लहान असताना फूलही अंग चोरून येतं. शिवाय दिवस लहान झाले की डेलिया पाकळ्या कमी करतो आणि जोर कंदात साठवतो. डिसेंबरातल्या आपल्या अकरा तासांच्या दिवसात हे हमखास घडतं. दोन-तीन फुलं पाहून, देठ फुलाला नीट पेलतो का, तोंड वर आहे की मातीकडे, हे बघून मग ठरवावं.

आवडलेल्या रोपाला फुलतानाच नाव लिहून चिठ्ठी बांधावी. झाड सुकल्यावर कंद सगळे सारखेच दिसतात, आणि तेच फूल पुन्हा हवं असेल तर कंद किंवा फुटव्याचं कलम एवढेच दोन मार्ग आहेत. बियांसाठी बोंडं मात्र त्याच झाडावर वाळू द्यावीत. पाकळ्या गळलेलं बोंड टोकदार असतं, कळी चपटी, एवढं पाहिलं की कात्री चुकत नाही.