गंबोची चव आणि टेबलावरची जागा

न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल जेवणाचे गोडवे गाणारे लेखन उदंड आहे. त्यात चवीचे वर्णन असते. रांधणाऱ्या हातांचा हिशेब नसतो. ‘गंबो’ हा शब्दच मुळी आफ्रिकी, भेंडीचे ते नाव. गुलामांचे कसब मालकाच्या ताटात पडले, की त्याला शहराची परंपरा म्हणायचे!

म्हणूनच लीना रिचर्ड या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीने १९३९ साली स्वतःच्या नावाने पाकपुस्तक छापले, ही केवळ पाककलेतली घटना नव्हे. निनावी हातांनी केलेली ती सही होती.

याच शहरात १९६० साली तीन कृष्णवर्णीय आणि एक गोरा विद्यार्थी दुकानातल्या फराळाच्या काउंटरवर बसले, तर त्यांना अटक झाली. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली. त्या काळात लिआ चेस (१९२३–२०१९) यांच्या ‘डुकी चेस’च्या माडीवर दोन्ही वर्णांचे कार्यकर्ते एकत्र गंबो खात आणि लढ्याची आखणी करीत. विभाजनाच्या कायद्याला दिलेला हा नकारच होता.

चवीच्या समीक्षकाला आपण एवढेच विचारावे : हे कोणी रांधले, आणि रांधणाऱ्याला या टेबलाशी बसता येत होते काय?