हलगी कुठल्या कप्प्यात?

इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत भाच्याच्या हळदीला गेलो होतो. मांडवाच्या कडेला स्पीकरच्या भिंतीआड एक तरुण लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याच्या पडद्यावर फोल्डरांची रांग होती : हळद, वरात, मिरवणूक, जत्रा. ‘हलगी’ नावाचा फोल्डर त्याने स्वतः केलेला होता. मी विचारलं, “तयार संग्रहात हलगी मिळत नाही का?” तो म्हणाला, “मिळती की मामा, पण कुठं ठेवलीय ते त्यांनाच ठाऊक.”

या उत्तराने मला कामाला लावलं. संगीताच्या सॉफ्टवेअरमधला ‘लूप’ म्हणजे ध्वनीचा छोटा तुकडा, कितीही वेळा जोडत नेता येईल असा. १९९८च्या ‘ॲसिड’ने असे तुकडे गाण्याच्या लयीत आपोआप बसवण्याची सोय केली. २००४ साली ॲपलच्या ‘गॅरेजबँड’ने ती घरोघरी नेली. लूपबरोबर त्याची माहितीही साठवलेली असते : दर मिनिटाला ठोके किती, स्वर कोणता, वाद्य कोणतं, भाव कोणता. शोधणाऱ्यासमोर बटणं येतात. निवांत की तीव्र, आनंदी की उदास, एकटं वाद्य की ताफा. स्वरसप्तकासाठी मेजर, मायनर, दोन्ही किंवा दोन्हीही नाही.

हजारो तुकड्यांतून हवा तो शोधायचा तर खुणा हव्यातच. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. प्रश्न आहे तो या खुणा कोणाच्या कानांनी लावल्या, हा. हलगी वाजवण्याआधी जाळावर शेकतात, कातडं ताणलं की आवाज चढतो आणि वाजवता वाजवता उतरतोही. सॉफ्टवेअरच्या लेखी ती ‘दोन्हीही नाही’ या खणातली. कुस्तीच्या फडात पैलवान भिडले की हलगीची लय त्यांच्या झटापटीबरोबर वाढते. लूपवर मात्र ठोक्यांचा एकच आकडा लिहिलेला. जोडीला ‘वर्ल्ड’ हा कप्पा आहे. रॉक, जॅझ यांना स्वतःची नावं मिळतात आणि उरलेल्या जगाला मिळून एक नाव. ज्याच्या अंगणात ती वाजते त्यानेच तिला ‘जग’ या नावाखाली शोधायचं!

दुसरी वर्गवारी आपल्याच मुलखातली आहे. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या असा तो पसारा आहे. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या काही हजार ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. २०१७पासून ‘पारी’ त्या वाचकांपुढे ठेवते आहे. इथेही कप्पे आहेत : सीता, विठ्ठल-पंढरी, आई-लेक, भाऊ-बहीण, सासर, बाबासाहेब आंबेडकर. बाई जे बोलते त्यावरून पाडलेले हे कप्पे आहेत आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव नि गाव नोंदलेलं आहे.

हीही वर्गवारी निर्दोष नाही. दळताना आईवरून भावावर आणि भावावरून पंढरीवर जाणारी ओव्यांची साखळी विषयवार मांडणीत तुटते. चालीवरून ओवी शोधायची तर विषयाचा कप्पा उपयोगी पडत नाही. वर्गवारी म्हटली की काहीतरी कापलं जाणारच. तरी काय कापायचं नाही, हे ठरवता येतं. पॉइत्व्हँ-राईरकरांनी नाव कापलं नाही.

लूपच्या बाजारात कापलं जातं ते नेमकं हेच. ‘रॉयल्टीमुक्त’ म्हणजे घेणाऱ्याने पुन्हा पैसे द्यायचे नाहीत. तो व्यवहार उघड आहे, पण वाजवणाराचं नाव बहुधा त्याच्यासोबत पुसलं जातं. हलगीच्या बाबतीत हे जास्त बोचतं. परंपरेने ती प्रामुख्याने मातंग समाजाने वाजवली. गावाला जत्रेत, लग्नात, फडात हलगी हवी असायची. वाजवणाराला मात्र मांडवाच्या कडेला उभं केलं जायचं. आता त्याचा आवाज मांडवाच्या मध्यभागी आला आणि तो स्वतः फाइलच्या नावातूनही गेला. नव्या यंत्राने जुनीच रीत पाळली, असं मला म्हणावं लागतं.

निरवांगीच्या त्या तरुणाचे कप्पे मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. तो आवाज भावावरून लावत नाही, प्रसंगावरून लावतो. हळदीचा ठेका आणि वरातीचा ठेका वेगळा, हे ज्ञान बटणांत नाही, त्याच्या फोल्डरांत आहे. पण त्याच्या फाइलींवरही ‘हलगी १’, ‘हलगी २’ एवढंच होतं. मी विचारलं, “वाजवलीय कोणी?” त्याने दोन नावं तिथल्या तिथे सांगितली. दोघंही शेजारच्या वस्तीवरचे, त्याच्याच मोबाईलवर जत्रेत मुद्रित केलेले. म्हटलं, “मग तीच नावं लिही.”

तो हसला. “मामा, नाव लय लांब होईल.”

संशोधकांनी, संग्राहकांनी आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी आजवर दिलेलं कारण यापेक्षा फार वेगळं नाही. जेवून परत आलो तेव्हा पडद्यावर पहिल्या फाइलीचं नाव बदललेलं होतं. लांब झालं होतं, पण मावलं होतं.