कबुलीतून जन्मलेली माणसे

महाराष्ट्रात इंग्रजी विषय घेऊन शिकलेल्या अनेकांनी चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'चा प्रोलॉग वर्गात वाचलेला असतो. साउथवर्कच्या टॅबर्ड सराईत जमलेले यात्रेकरू, शिकारीसाठी घोडे आणि कुत्रे बाळगणारा मठवासी, लाडक्या कुत्र्यांना भाजलेले मांस भरवणारी प्रायोरेस, डोक्यावर कर्ज असूनही ऐटीत फिरणारा व्यापारी: एवढी चित्रे मनात राहतात आणि परीक्षा संपली की पुस्तक मिटते. चॉसरवरचा हा मोठा अन्याय आहे असे मला वाटते. ही माणसे खरी घडतात ती पुढे, स्वतः बोलू लागल्यावर. चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कथाकाव्याचा उपहास धारदार का आहे, याचे उत्तरही त्या बोलण्यातच शोधावे लागते.

प्रोलॉगमधली पात्रे चॉसरने नुसती रस्त्यावरून उचललेली नाहीत. लढणारे, प्रार्थना करणारे आणि राबणारे अशा तीन वर्गांत समाज वाटलेला आहे असे मानून प्रत्येक वर्गाचे दोष मोजायचे, अशी उपहासकाव्याची जुनी परंपरा लॅटिन आणि फ्रेंचमध्ये होती. खादाड मठवासी, लाचखाऊ अधिकारी, माप मारणारा गिरणीवाला हे तिथले ठरलेले नमुने. चॉसरचे कितीतरी तपशील या साच्यातून आले आहेत हे जिल मान यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. त्यांचे आणखी एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते: चॉसर फसवणारा दाखवतो, फसलेला माणूस मात्र बहुधा दाखवत नाही. निवेदक तर मठवाशाच्या मताला मानच डोलावतो. निवाडा करायचे ओझे त्यामुळे वाचकावर येऊन पडते.

चॉसरच्या काळात तो साचाच तडकलेला होता. १३४८-४९ च्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश लोकसंख्या नेली. मजूर दुर्मीळ झाले, मजुरी चढली आणि १३५१ च्या कायद्याने ती प्लेगपूर्व दरावर रोखू पाहिली. खुद्द चॉसर लंडनच्या एका मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. सरदार घराण्यात तो सेवक होता, फ्रान्सच्या स्वारीत कैद झाला तेव्हा त्याच्या खंडणीसाठी राजाने १६ पौंड दिले, आणि १३७४ ते १३८६ या काळात त्याने लंडन बंदरात लोकर-कातड्याच्या जकातीचा हिशेब सांभाळला. तीन वर्गांपैकी कशातच न बसणाऱ्या अशा माणसाला ठरलेले नमुने पुरणार नव्हते.

मग माणसाला बोलते करायचे कसे? माझ्या मते ही वाट चर्चनेच दाखवली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसावर वर्षातून एकदा तरी पापनिवेदन बंधनकारक केले. गोव्यात कुमसार म्हणतात तेच हे. धर्मगुरूंसाठी प्रश्नांच्या पोथ्या तयार झाल्या: काय केलेस, कोणाबरोबर, कितीदा, का? दीडशे वर्षे एक सबंध समाज स्वतःबद्दल बोलायला शिकत होता. चॉसरच्या ओळखीच्या गॉवर या कवीने तर आपल्या मोठ्या इंग्रजी काव्याची रचनाच एका प्रियकराच्या पापनिवेदनावर केली. पण त्याचा प्रियकर फार सभ्य आहे, आणि सभ्य माणसाच्या कबुलीत उपहासाला फारसे काही सापडत नाही.

खरी गंमत आणि खरा संतापही त्याच काळातल्या लँग्लंड या कवीच्या 'पिअर्स प्लाउमन'मध्ये आहे. त्यात सात महापापे एकेक करून कबुली द्यायला येतात. खादाडपणा कबुलीसाठीच चर्चकडे निघालेला असतो. वाटेत दारू गाळणारी बेटी हाक मारते आणि तो आत शिरतो. आत चांभार, कल्हईवाला, घोडी भाड्याने देणारा अशी सगळी आळी बसलेली आहे. तो पितो, ओकतो आणि शनिवार-रविवार झोपून काढतो. लोभाला विचारतात, घेतलेले कधी परत केलेस का? तो म्हणतो, हो, एकदा सराईत व्यापारी झोपले असताना उठून त्यांच्या पिशव्या रिकाम्या केल्या होत्या. परतफेड म्हणजे काय हेच त्याला ठाऊक नाही! 'पाप' या अमूर्त कल्पनेला लँग्लंड गल्लीचा पत्ता देतो. चॉसरच्या मानाने त्याला वाचक फार कमी मिळतात. अनुप्रासाचा जुना छंद आणि स्वप्नात स्वप्न अशी रचना यांमुळे तो अवघड जातो हे खरे. पण त्याला टाळून या काळाबद्दल बोलता येणार नाही.

चॉसरने हीच कबुली चर्चबाहेर, भर रस्त्यात आणली. त्याचा पार्डनर, म्हणजे पापमुक्तीची पत्रे विकणारा, सहयात्रेकरूंना आपला धंदा उघड करून सांगतो. त्याच्याजवळचा उशीचा अभ्रा तो मेरीमातेचे वस्त्र म्हणून दाखवतो, काचेतली डुकराची हाडे संतांच्या अस्थी म्हणून खपवतो. प्रवचन नेहमी एकाच विषयावर: लोभ. गावातली सर्वांत गरीब विधवा असली आणि तिची मुले उपाशी मरत असली तरी तिच्याकडून घेईन, असे तो निःसंकोच सांगतो. मग हाच माणूस लोभावरची एक अप्रतिम कथा सांगतो. मृत्यूला ठार मारायला निघालेल्या तीन उडाणटप्पूंना झाडाखाली सोने सापडते आणि एकमेकांचा काटा काढता काढता तिघेही मरतात. पालीतल्या वेदब्भ जातकातही असेच धन आणि असेच विषारी अन्न आहे. कथा संपताच पार्डनर त्याच श्रोत्यांपुढे आपले नकली अवशेष ठेवतो. सराईमालक त्याच्या पुरुषत्वावरच घाव घालतो आणि इतका वेळ बोलणारा हा माणूस रागाने मुका होतो. इथे उपहासाचे लक्ष्यच हलते. खोटारडा माणूस खरी गोष्ट सांगू शकतो, आणि त्याच्याविषयीच्या तिरस्कारात काहीशी कणवही मिसळते. यापूर्वीच्या इंग्रजी काव्यात इतके गुंतागुंतीचे पात्र मला तरी दिसत नाही.

यात्रेकरूंपैकी बाथची अ‍ॅलिसन याच्याही पुढे जाते. तिचे आत्मकथन आठशेहून अधिक ओळींचे, म्हणजे जवळजवळ सबंध प्रोलॉगएवढे आहे आणि तिच्या कथेच्या दुप्पट. तिची जडणघडण ज्या साहित्यातून झाली ते सगळे स्त्रीद्वेष्टे: फ्रेंच 'रोमान्स ऑफ द रोझ'मधली कुट्टणी, संत जेरोमचे विवाहविरोधी युक्तिवाद. पाचवा नवरा रोज रात्री दुष्ट बायकांच्या कथांचे पुस्तक मोठ्याने वाचतो. ती त्याची पाने फाडते, तो तिला मारतो आणि तिचा एक कान कायमचा बहिरा होतो. ज्या पुस्तकांनी तिला घडवले त्यांनाच ती विचारते की ही पुस्तके बायकांनी लिहिली असती तर? झेडी स्मिथ यांनी २०२१ मध्ये तिला लंडनच्या विल्सडनमधली जमैकन वंशाची बाई करून रंगमंचावर आणले. ते सहज जमले, कारण तिचा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

चॉसरला कोरे प्रशस्तिपत्र मात्र देता येत नाही. प्रायोरेसच्या तोंडी त्याने ज्यूंवर बालहत्येचा आळ घेणारी कथा घातली. १२९० मध्येच ज्यूंना इंग्लंडमधून हाकलून दिले होते, तरी हा द्वेष तिथे सुंदर पदरचनेत जिवंत आहे. ती कथा म्हणजे प्रायोरेसचाच उपहास असे काही समीक्षक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण काव्यात कुणीही तिला अडवत नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे चॉसरच्या नांगऱ्याचे मौन. जून १३८१ मध्ये शेतकऱ्यांचे बंड लंडनपर्यंत आले. एसेक्सचे बंडखोर ज्या ऑल्डगेटमधून शहरात शिरले त्याच्याच वरच्या मजल्यावरचे घर चॉसरकडे होते. त्याच्या काव्यात या बंडाचा उघड उल्लेख एकच आहे, तोही कोंबडा पळवणाऱ्या कोल्ह्यामागे धावणाऱ्यांच्या गोंगाटाला दिलेली उपमा म्हणून. लँग्लंडचा नांगऱ्या पिअर्स बोलतो, आळशांना कामाला लावतो, सत्याकडून आलेले क्षमापत्र रागाने फाडतो. बंडाचा पुढारी जॉन बॉल याच्या पत्रांत त्याचे नाव येते, आणि काव्याच्या पुढच्या आवृत्तीत ते पत्र फाडणे गाळलेले आहे. चॉसरचा नांगऱ्या इमानदार आहे, शेजाऱ्यासाठी फुकट राबतो, दशांश कर वेळेवर भरतो. घोडीवर बसून तो सर्वांबरोबर निघतो, पण चॉसरने त्याला एकही कथा दिलेली नाही. पंधराव्या शतकात एका हस्तलिखितात त्याच्या नावावर कवी हॉक्लीव्हची मेरीमातेच्या चमत्काराची कथा घालण्यात आली. १५४२ च्या छापील आवृत्तीत त्याला दुसरीच कथा मिळाली, चर्चच्या श्रीमंतीवर तुटून पडणारी. चॉसरच्या ग्रंथात ती पुढे दीर्घकाळ छापली जात राहिली.