गावगाड्यातील गरज आणि संमती

मानवी समाजाला खरोखर अपरिहार्य असे व्यवसाय कोणते, या प्रश्नाचा मराठीत विचार करताना त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' (1915) टाळता येत नाही. महसूल खात्यातील अनुभवाच्या आधारे त्यांनी कारू-नारूंची कामे, हक्क व बलुते यांची जी नोंद केली, तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. वंशपरंपरागत वतनामुळे कसब खुंटते, हे त्यांचे निरीक्षणही मार्मिक आहे. तथापि या ग्रंथाचे माप प्रामुख्याने कुणब्याच्या खळ्यावरचे आहे. कोणाचे काम कुणब्याला किती लागते व त्यापोटी किती द्यावे लागते, हे त्यात मोजले जाते. ते काम सोडण्याची मुभा करणाऱ्याला होती काय, हा प्रश्न त्या मापात बसत नाही.

बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी या तीन ओळी गरजेच्या क्रमाने लावल्या जात. महाराची गणना सामान्यतः सुतार-लोहारांसमवेत थोरल्या ओळीत होई. जोशी व गुरव धाकट्या ओळीत असत. प्रतिष्ठेचा क्रम मात्र नेमका उलटा होता. म्हणजे ज्याच्यावाचून गावाचे अडे, त्यालाच गावकुसाबाहेर ठेवले गेले. 'अपरिहार्य' हे विशेषण येथे गौरवाचे राहत नाही. ते बेडीचे दुसरे नाव ठरते.

दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्त हाच प्रश्न वेगळ्या रीतीने मांडते. साळीचा साठा सुरू झाला, शेतांच्या सीमा पडल्या, चोरी उद्भवली. तेव्हा लोकांनी आपल्यातूनच एकाला निवडले आणि दंडनाच्या कामाबद्दल त्याला साळीचा वाटा देऊ केला. तोच महासम्मत. धान्याच्या वाट्यावर काम करणारा हा पहिला राजा आमच्या मते पहिला बलुतेदारच होय! फरक एवढाच, की त्याच्या नावातच संमती आहे. याच सुत्तात, ध्यान न साधल्याने ग्रंथरचनेकडे वळलेल्यांना पूर्वी हीन व पुढे श्रेष्ठ मानले गेले, असेही सांगितले आहे. व्यवसायाची प्रतिष्ठा कालाधीन आहे, जन्मसिद्ध नाही, हा त्याचा स्पष्ट अर्थ होय. सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तही मनुष्याला कर्मावरूनच शेतकरी वा शिल्पी म्हणते.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते याच संमतीसाठी. महार वतनदाराला सरकारी कामासाठी केव्हाही राबावे लागे आणि मोबदल्याची शाश्वती नसे. ही वतने नष्ट करणारा कायदा 1958 चा आहे.

रत्नागिरी जिल्ह्याने तर याची दुसरी बाजूही पाहिली आहे. येथे सरकार व कुळ यांच्यामध्ये खोत होता आणि त्याच्यावाचून वसुली होणार नाही, असे मानले जाई. ज्यांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातील, त्या बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1949 च्या कायद्याने खोती गेली. खोत गेला म्हणून भात पिकायचे थांबले नाही. नांगरणारे, लावणी करणारे हात मात्र काढून घेतले असते, तर खोताचे कोठारही रिकामेच राहिले असते.

2020 च्या महामारीत सफाईचे काम 'अत्यावश्यक सेवा' म्हणून गौरविले गेले. हाताने मैला साफ करण्यास 1993 व 2013 च्या कायद्यांनी बंदी असूनही गटारात माणसे मरतच आहेत. तेव्हा अपरिहार्य व्यवसायांची यादी करणाऱ्याने दोन प्रश्न एकत्र विचारले पाहिजेत: हे काम समाजाला लागते काय, आणि ते करणारा ते नाकारू शकतो काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्याचे उत्तर कितीही होकारार्थी असो, ती सम्मा आजीवाची व्यवस्था नव्हे.